इंद्रजीत, वय अठ्ठावीस

८ नोव्हेंबर, शनिवार. शिरूर, रूमवर.

आजपासून रोजनिशी. पोलीस अधिकाऱ्याला नोंदी ठेवायची सवय पाहिजे. अजून अधिकारी झालो नाही, भरतीचा फॉर्म भरलाय फक्त. पण सवय आधी लावलेली बरी.

संकल्प असा की रोज पहाटे पाचला उठून सोळाशे मीटर पळायचं. मोबाईल कमी. बिअर फक्त शनिवारी, तीही मर्यादेत.

सकाळी कॉलेजात व्यसनमुक्तीची शपथ झाली. एनएसएसचा प्रतिनिधी म्हणून माईकवर मीच दिली. 'कोणत्याही मादक पदार्थाला आजन्म स्पर्श करणार नाही' हे वाक्य असं काही म्हणलं की मागच्या रांगेतल्या पोरीसुद्धा गप्प झाल्या. सर म्हणाले, सत्यजीत, आवाजात दम आहे. आहेच.

संध्याकाळी राहिलला घेऊन बायपासच्या परमिट रूमला गेलो. राहिल माझा रूम पार्टनर. तो पीत नाही, पण चकण्यासाठी कुठंही येतो. दारातल्या माणसानं आधार कार्ड मागितलं. च्यायला! पुण्यात कुठलं तरी बड्या बापाचं पोर पिऊन गाडी ठोकतं आन् भोगायचं आम्ही शिरूरकरांनी. म्हणे बिअरला एकवीस लागतात, दारूला पंचवीस, वरून चेकिंग कडक आहे. मी जाड आवाजात म्हणलं, मी पंचवीसचाच आहे. तो म्हणाला, बाळा, मिशी फुटली की ये. पानटपरीवरचे लोक हसले. राहिलही हसला, त्याची नोंद घेतलेली आहे.

मला एकोणीस पूर्ण झालेत. आमदार निवडायला चालतो, बिअर निवडायला चालत नाही. वाह रे कायदा.

९ नोव्हेंबर, रविवार. केंदूर.

पाचला उठलो नाही. पहिला दिवस शरीराला कल्पना द्यायचा असतो.

घरी आलो. घरात एकच विषय, दादाचं लग्न. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ इंद्रजीत. वय अठ्ठावीस. रांजणगावला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, सात वर्षं झाली. माझ्या रूमचं, मेसचं सगळं तोच बघतो. दारू नाही, तंबाखू नाही, चहासुद्धा अर्धा कप. असला माणूस जगतो कशासाठी कळत नाही. शेती आहे, घर आहे, तरी पोरीवाले आले की 'परमनंट हाय का?' एवढं विचारतात आन् पोहे संपवून जातात.

आबा गावचे पोलीस पाटील. गावात कुणी कुणाचं डोकं फोडलं, कुणाच्या रानात हातभट्टी लागली, की पहिली खबर आबा ठाण्यात देणार. आपला-परका बघत नाहीत. मागं सख्ख्या चुलतभावाची भट्टी त्यांनीच पकडून दिली, आन् दुसऱ्या दिवशी त्यालाच ठाण्यात डबा घेऊन गेले. असल्या माणसाच्या घरात राहायचं म्हणजे सोपं नाही.

दादाचा बायोडाटा जुना झालाय. मी म्हणलं, माझ्याकडं द्या, मॉडर्न करून आणतो. जन्मतारीख चुकायला नको म्हणून दादानं व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड पाठवलं. आई म्हणाली, एवढं एक काम तरी धड कर रं बाबा. आईचा माझ्यावर विश्वास आहे, फक्त तिची बोलायची पद्धत तशी आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार. शिरूर.

रुद्रकडं गेलो. रुद्र माझ्या वर्गात आहे, वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. माझा 'भावी पीएसआय' वाला फ्लेक्स त्याचाच. त्यानं दादाचा फोटो घेतला, रंग उजळला, गाल भरले, ओठ गुलाबी केले, मागं आभाळ टाकलं. मीच विचारलं, हा कोण? तो म्हणाला, तुझा भाऊ.

आन् तिथंच, त्याच स्क्रीनवर, डोक्यात वीज चमकली. दादाचं आधार उघडंच होतं. त्याच्यावर माझा फोटो टाकला तर?

नीट विचार केला. नाव इंद्रजीत, खरं. बापाचं नाव पोपटराव, खरं. गाव केंदूर, खरं. जन्मतारीख, खरी. फोटो माझा, तोही खरा. म्हणजे कार्डावरची एकूण एक गोष्ट खरी आहे. मग खोटं काय? वकील झालो असतो तरी नाव काढलं असतं.

रुद्रनं माझेही गाल भरले, ओठ गुलाबी केले, तेच आभाळ टाकलं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर आई घोटाळ्यात पडेल. कलर प्रिंट, लॅमिनेशन, काम फत्ते.

दादाला सांगायची गरज वाटली नाही. त्याचा शर्ट घालताना विचारतो का?

१५ नोव्हेंबर, शनिवार.

दौंड!

शिरूरला प्रत्येक टेबलाला एक ओळखीचा बसलेला असतो. म्हणून दौंड. घरी सांगितलंय, दर शनिवारी दौंडला भरतीच्या ग्राउंडची प्रॅक्टिस असते. राहिलला पेट्रोलचं आन् चकण्याचं आमिष दाखवून नेला.

स्टेशनच्या बाजूला एक परमिट रूम आहे. मॅनेजर भिमाभाऊ. कार्ड हातात घेतलं आन् जन्मतारखेकडं बघितलंसुद्धा नाही! आधी गाव वाचलं, मग आडनाव. म्हणाला, केंदूर? मग पाबळच्या पाव्हण्यांचं तुम्ही कोण? मी दोन नावं सांगितली, त्यानं तीन सांगितली, एक समान निघालं. आमच्याकडं कार्ड कशासाठी बघतात हे त्या सरकारला कधी कळणार? पुढं म्हणाला, बसा इंद्रजीतशेठ. शेठ! शिरूरमध्ये बाळा, दौंडमध्ये शेठ.

दोन बिअर घेतल्या. मला चढत नाही. उठताना टेबल हललं, पण ते टेबलच डुगडुगतं. राहिल म्हणतो, मी वेटरला मिठी मारून 'तू माझा खरा भाऊ' म्हणत होतो आन् दारात उलटी केली. राहिलला वाढवून सांगायची सवय आहे. उलटी झाली ती मंचुरियनमुळं.

१६ नोव्हेंबर, रविवार.

डोकं दुखतंय. उन्हातून गाडी चालवल्यावर होतं असं.

आज दादाला मुलगी बघायला राहू गावाला जायचं होतं. सगळ्यांनी जायचं ठरलं होतं, पण मी फोन करून ग्राउंडवर पाय मुरगळल्याचं सांगितलं. आई कळवळली. तेवढ्यापुरतं वाईट वाटलं.

संध्याकाळी दादाचा फोन. दादा स्वतःहून फोन करत नाही. मुलीचं नाव राजनंदिनी, यवतच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, परमनंट नसला तरी चालंल, रान थोडं असलं तरी चालंल, मी बी कमावते. फक्त दारू नको. तिचे वडील दारूनं गेले. शेवटचे दोन महिने तिनंच त्यांचं सगळं केलं. दादा म्हणाला, मी थेंब घेतलेला न्हाई. ती म्हणाली, मग मला आणखी काय इचारायचं न्हाई.

एवढं सांगून दादानं माझा पाय कसा आहे विचारलं. मग म्हणाला, सत्या, पोरगी लय चांगली हाय रं. दादाचा असला आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तिचा मामा, हौसराव, तेवढा आला नव्हता. साखर कारखान्याची मीटिंग होती. घरात तोच कर्ता. तो मुलाची चौकशी करणार आन् मग सुपारी फोडायची. करू दे की! दादाची चौकशी म्हणजे वाया घालवलेलं पेट्रोल.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

आजचा दिवस ऐतिहासिक. दौंडला बसलो होतो, तेवढ्यात एक्साइजवाले आन् पोलीस आत आले. सगळ्यांची कार्डं तपासायला लागले. कोपऱ्यातली दोन इंजिनिअरिंगची पोरं मागच्या दारानं पळताना धरली. एकाच्या कार्डावर तर जन्मसाल खोडून लिहिलेलं. किती बावळट असावं माणसानं! असल्या पोरांमुळंच कॉलेजची पिढी बदनाम होते.

हवालदार माझ्याकडं आला. कार्ड बघितलं, मला बघितलं. म्हणाला, केंदूरचे पोलीस पाटील पोपटराव तुमचे कोण? मी म्हणलं, वडील. त्यानं कार्ड दोन्ही हातांनी परत दिलं. म्हणाला, मी शिरूर तालुक्यात नोकरी केलीय, आबांसारखा सरळ माणूस तिथं न्हाई, त्यांना नमस्कार सांगा.

म्हणजे माझं कार्ड सरकारी तपासणीत पास झालं. आता ते अधिकृतच समजायला हरकत नाही.

नमस्कार मात्र आबांना सांगता येणार नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

पाचला उठलो. बाहेर गेलो. थंडी होती. कुत्रं होतं. परत आलो.

२९ नोव्हेंबर, शनिवार. दौंडहून आल्यावर.

माझ्या व्यक्तिमत्त्वात काहीतरी आहे, हे आज पुन्हा सिद्ध झालं.

भिमाभाऊनं लांबूनच हाक मारली, या इंद्रजीतशेठ! तर शेजारच्या टेबलावरचे एक मामा चमकून वळले. पांढरे कपडे, टोपी, भरघोस मिशा, समोर ग्लास. म्हणाले, इंद्रजीत? कुठलं? मी म्हणलं, केंदूर. ते ग्लास घेऊन सरळ माझ्या टेबलावर आले. राहूकडचे निघाले. आता राहू म्हणजे दादाची होणारी सासुरवाडी, म्हणून मी जरा जास्तच आदरानं बोललो.

किती आपुलकीनं चौकशी केली त्यांनी! कुठं कामाला, मी म्हणलं रांजणगावला. वडील कोण, पोलीस पाटील. लग्न झालंय का, मी म्हणलं चाललंय बघायचं. मग म्हणाले, रोज घेता का शनवारचीच? आता समोर एवढा जाणता माणूस, तिथं शनिवारची म्हणणं बरं दिसलं नसतं. मी म्हणलं, मामा, शिफ्ट सुटली की घ्यावीच लागती, बॉडी मागती. ते म्हणाले, आरं वा. आन् स्वतःच्या खर्चानं माझ्यासाठी आणखी एक मागवली.

राहिल टेबलाखालून सारखा लाथा मारत होता. शेंगदाणे संपले असतील म्हणून मी आणखी मागवले.

मग मामा म्हणाले, कार्ड बघू बरं. मी अभिमानानं दिलं. त्यांनी मोबाईलचा उजेड पाडून जन्मतारीख दोनदा वाचली. आजवर तारीख वाचणारा हा पहिला माणूस. वाढदिवसाला बोलवायचा विचार असेल. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तब्येतीला जपा, घरी म्हातारी माणसं असतील. डोळ्यात पाणी आलं माझ्या. अशी माणसं राहिली नाहीत आता.

राहिल रस्ताभर म्हणत होता, सत्या, तो माणूस जरा जास्तच विचारत होता. मी म्हणलं, तुला कुणी विचारत नाही म्हणून तुला त्रास होतोय.

३० नोव्हेंबर, रविवार. केंदूर.

दादा वरची खोली रंगवतोय. शिफ्टवरून आला की चढतो शिडीवर. रंग कुठला घेऊ म्हणून मला विचारलं. मी सांगितला तो घेतला नाही, पण विचारलं तरी. शिट्टी वाजवत होता! दादाला शिट्टी येते हे घरात कुणाला माहीत नव्हतं. आई खालून हसत होती.

मी डीजेचं बोलून ठेवलंय. वरातीत माझी एंट्री वेगळी पाहिजे. राजनंदिनीवहिनींच्या मैत्रिणी नर्सच असणार, म्हणजे शिकलेल्या.

२ डिसेंबर, मंगळवार. शिरूर.

आईचा फोन आला. रडत होती. मध्यस्थानं निरोप दिला, राहूकरांना सोयरीक नको. कारण? मुलगा पितो.

आमचा दादा! पितो!

आबांनी मध्यस्थाला फोनवर विचारलं, कुणी सांगितलं? तो म्हणाला, मुलीच्या मामानं डोळ्यानं बघितलंय. दादा कामावरून आला, ऐकलं, आन् वर जाऊन रंगाचा डबा झाकून आला.

लय राग आलाय मला. कुणाच्या तरी सरळमार्गी पोराचं असं नाव खराब करणारा माणूस मला सापडला तर मी त्याला सोडणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार.

तपास सुरू केला. पहिला संशय भावकीवर. हातभट्टीवाल्या चुलत्याचा जुना राग आहेच. दुसरा संशय त्या मध्यस्थावर. तिसरा, कंपनीतलं कुणीतरी जळतं. वहीत बाण काढून सगळं मांडलं. पीएसआय झालो की असलंच करायचंय.

राहिल बराच वेळ माझे बाण बघत बसला. मग म्हणाला, दौंडचे ते पांढऱ्या कपड्यातले मामा, ते कुठले म्हणाले होते? मी म्हणलं, राहू मोठं गाव आहे, तिथं मामा काय एकच असतो का?

मेसवर गेलो नाही. भाजी चांगली नसणार.

४ डिसेंबर, गुरुवार.

तोच मामा.

५ डिसेंबर, शुक्रवार.

शांत डोक्यानं विचार केला. मी सांगायचं ठरवलंय. सगळं. आबांना, दादाला, राहूकरांना. पुरुषासारखं. भाषणसुद्धा तयार आहे, सुरुवात अशी: 'मंडळी, तरुणाईच्या उंबरठ्यावर पाऊल अडखळतंच.' हे ऐकल्यावर आबाही विरघळतील.

फक्त वेळ निवडायची आहे. एकदा का बोभाटा झाला की खोट्या कार्डाची केस होणार. केस म्हणजे भरती संपली. भरती संपली म्हणजे महाराष्ट्र पोलीस एका होतकरू अधिकाऱ्याला मुकणार. हा फक्त माझा प्रश्न नाही.

आईचा परत फोन. आबांनी मध्यस्थाला झाडलं, म्हणाले मामाला म्हणावं समोर येऊन बोल. रविवारी हौसराव केंदूरला येतोय. त्याच दिवशी बोलेन. समोरासमोर.

७ डिसेंबर, रविवार. केंदूर.

पाहुण्यांची गाडी दारात थांबली, तेव्हा मी अंगणात होतो. गाडीतून पांढरे कपडे, टोपी, मिशा उतरल्या. मी गोठ्यात कडबाकुट्टीच्या मागं होतो. तिथं कसा पोचलो आठवत नाही. आजवरचं माझं सगळ्यात फास्ट पळणं तेच असेल.

आबा आन् दादा पाहुण्यांना घेऊन ओट्यावर बसले, मला सगळं ऐकू येत होतं. चहा झाला. चहा कुणी घेतला नाही बहुतेक, कपांचा आवाज आला नाही. मग हौसराव बोलला. म्हणाला, पाटील, मी गावात चौकशी करत न्हाई. गावातली भावकी एक तर पोराला चढवून सांगती, न्हाईतर पाडून. खरं कळतं ते परमिट रूममधी. शिरूर बघितलं, रांजणगाव बघितलं, नाव निघालं न्हाई. मी खूश. आन् दौंडात मी माझा बसलेलो, तर मॅनेजरनं ह्यांना नावानं हाक मारली. आबांनी विचारलं, तुम्ही तिथं कशाला बसला व्हता? तो म्हणाला, चौकशीला. कोरडं बसून चौकशी व्हत न्हाई, पाटील.

मग म्हणाला, मी आधार वाचलंय. इंद्रजीत पोपटराव, केंदूर. तारीख बायोडाट्यातलीच. आमच्या पोरीनं बाप असा घालवलाय. मी तिला परत त्याच खड्ड्यात कसा लोटू?

आबा उठले. काठीचा आवाज आला. आबा म्हणाले, माझ्या पोराच्या नावाचं खोटं कार्ड कुणीतरी केलंय. कुणी केलंय ते मी हुडकून काढतो आन् कॉलर धरून ठाण्यात नेऊन बसवतो, मग तो माझ्या पोटचा का असंना. आबा असं बोलतात म्हणजे करतात. चुलत्याला विचारा.

आता हौसरावचाही आवाज बदलला. म्हणाला, खोटं कशाला बोलू, तिथं उजेड कमी व्हता. मी बी घेतलेली. तवा पोरगं जरा बारीक वाटलं व्हतं, हे थोराड दिसत्यात. पाव्हणं, तुम्ही एकदा माझ्याकडं बघून न्हाई म्हणा. मी तुमच्या शब्दावर जातो, आत्ता सुपारी फोडू.

दादानं न्हाई म्हणायचं होतं. बस्स, एवढंच. पण न्हाई म्हणला की आबा कार्ड हुडकणार. आन् ते आधार दादानं आजवर व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच माणसाला पाठवलंय.

दादा न्हाई म्हणला असता तर मी गेलो असतो. व्हय म्हणला असता तर दादा. मी डोळे मिटून देवाकडं मागणं मागितलं. काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

दादा म्हणाला, मीच व्हतो.

आई काहीतरी ओरडली. आबांची काठी टकटकत आत गेली. गाडी गेली.

नंतर दादा वैरण टाकायला गोठ्यात आला. मला बघून दचकला नाही. म्हणाला, ऊठ, पायाला मुंग्या आल्या असत्याल. मग म्हणाला, कार्ड जाळून टाक. आन् ग्राउंडला नीट पळ, दुसरं काय बी करू नगंस. मी भाषण सुरू करायला तोंड उघडलं, तर पहिलं वाक्यच आठवेना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. राजनंदिनी होती. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. दादा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, व्हय, खरं हाय. मग ती काहीतरी बोलली. दादा म्हणाला, तुमचं बरोबर हाय, माझंच चुकलं. फोन ठेवला आन् राहिलेली वैरण टाकली.

८ डिसेंबर, सोमवार. शिरूर.

कार्ड जाळलं. लॅमिनेशनचा वास रूममध्ये दिवसभर होता.

शांतपणे विचार केल्यावर असं वाटतं की जे झालं ते एका अर्थी बरंच झालं. दादाला पोरी मिळतील आणखी. फोटो चांगला आलाय त्याचा. आन् दादानं स्वतः निर्णय घेतलाय, मी काही त्याला बोल म्हणलं नव्हतं. मोठ्या भावाचा निर्णय लहान भावानं मोडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.

राहिलला हे वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला आन् रात्री जेवायलाही माझ्याबरोबर बसला नाही.

१४ डिसेंबर, रविवार.

दादाला बघायला येतो म्हणून तळेगावच्या एका पाहुण्यांनी सांगितलं होतं, ते आले नाहीत. पाबळचे परवा येणार होते, त्यांनीही फोनवर कारण सांगितलं. बातमी आमच्याआधी पोचलेली असते.

दादानं राहिलच्या हाती पळायचे बूट पाठवले. माझ्या मापाचे. घालून बाहेर गेलो, एक राउंड मारला आन् दुसऱ्या राउंडला कट्ट्यावर बसून राहिलो. दम लागला होता. दमच लागला होता.

२१ डिसेंबर, रविवार. केंदूर.

सुट्टी लागली म्हणून काल घरी आलो.

दादाची पहिली शिफ्ट आहे, हल्ली रविवारीही जातो. दुपार कलली की त्याची गाडी येते. आबा ओट्यावर बसलेले असतात. काल मी दारातून बघितलं. दादानं गाडी लावली, हेल्मेट काढलं, आन् सरळ घरात न जाता आबांच्या पुढं जाऊन वाकला, तोंड उघडलं. आबांनी त्याचं तोंड हुंगलं. म्हणाले, जा. दादा हातपाय धुवायला गेला.

आईला विचारलं. ती म्हणाली, त्या दिवसापासनं रोज असंच. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. समोरची पोरं खेळताना एकमेकांचं तोंड हुंगतात. माझा दादा अठ्ठावीस वर्षांचा आहे. सात वर्षं कंपनीत उभ्यानं काम करतो. त्यानं आजवर बाटलीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

रात्रभर झोप आली नाही. यावेळी मंचुरियन नव्हतं, ऊन नव्हतं, काही कारण नव्हतं.

आज ठरवलं. भाषण नको, वेळ बघायला नको. दादा आबांच्या पुढं वाकला, त्यांनी हुंगलं, जा म्हणाले. दादा सरकला आन् त्याच्या जागेवर मी जाऊन उभा राहिलो. तीन आठवडे मी घेतलेली नाही, त्यामुळं वास यायचा प्रश्नच नव्हता. वाटलं, आबा एकदा विचारतील, तू का रं हुबा राहिलास? मग पुढचं आपोआप बाहेर पडेल. मी तोंड उघडलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं आन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, तुझं रं काय हुंगायचं येड्या? एवढा एक तरी नीट निघालास, तेवढ्यावर तर मी गावात मान वर करून फिरतोय. जा, अभ्यास कर.

दादा न्हाणीजवळ पाठमोरा उभा होता. तांब्या त्याच्या हातात तसाच होता.

मी तोंड मिटलं आन् आत आलो.